'पुन्हा प्रशिक्षण दिले' असं लिहूनही तीच चूक परत येते तेव्हा

लक्षण ओळखीचं आहे. डेव्हिएशन येतं, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून काहीतरी हटतं, आणि चौकशी होते. रूट कॉजच्या (मूळ कारणाच्या) रकान्यात 'ह्यूमन एरर' (मानवी चूक) पडतं. कापाच्या, म्हणजे चूक पुन्हा होऊ नये म्हणून करायच्या उपायांच्या रकान्यात 'संबंधित कर्मचाऱ्यास एसओपीचे (लेखी कार्यपद्धतीचे) पुन्हा प्रशिक्षण दिले' असं लिहून सोबत हजेरीपत्रक आणि दहा मार्कांचा पेपर जोडला जातो. फाईल बंद. दोन-अडीच महिन्यांनी तेच डेव्हिएशन पुन्हा हजर, फक्त बॅच नंबर वेगळा.

मी औषधाच्या गोळ्यांच्या एका कारखान्यात क्यूएमध्ये (गुणवत्ता हमी विभागात) आहे आणि प्रशिक्षणाचं काम बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे. आमच्याकडे हे दुखणं पॅकिंगच्या लाईन क्लिअरन्सला जडलं, म्हणजे बॅच बदलताना लाईनवर आधीच्या बॅचचं काही उरलं नाही ना, हे तपासण्याच्या कामाला. आठ महिन्यांत चार वेळा. पहिल्यांदा इन्स्पेक्शन बेल्टखाली आधीच्या बॅचचं छापलेलं कार्टन सापडलं. मग गोळ्यांच्या स्ट्रिप बनवणाऱ्या ब्लिस्टर मशीनच्या ब्रश बॉक्सच्या कोपऱ्यात एक गोळी. मग एक लीफलेट (कार्टनमध्ये घालायचं माहितीपत्रक). चौथ्यांदा पुन्हा कार्टन, जवळजवळ त्याच जागी. चारही वेळा माल बाहेर जायच्या आत सापडलं, त्यामुळे कुणाची झोप उडाली नाही. चौथ्या फाईलवर सही करताना आमच्या मॅडमनी एवढंच विचारलं, "या माणसाचं या एसओपीवर किती वेळा ट्रेनिंग झालंय?" मी रेकॉर्ड काढलं. आठ महिन्यांत तीनदा. तिन्ही पेपरांत दहापैकी दहा.

तुमच्याकडे असंच काही चालू असेल तर आम्ही काय काय उकरून पाहिलं ते सांगतो. लाईन क्लिअरन्सच्या जागी तुमचं दुखणं गाऊनिंगचं (आत जाताना कपडे चढवण्याचं) असेल, डिस्पेन्सिंगचं (कच्चा माल मोजून देण्याचं) असेल किंवा बीएमआरच्या (बॅचच्या उत्पादन-नोंदवहीच्या) नोंदींचं असेल, तरी शोधायची रीत फारशी बदलत नाही.

सुरुवात पेपरांपासून

मी ते जुने पेपर घेऊन बसलो आणि दहा मिनिटांत घाम फुटला. सातव्या प्रश्नाची आमची उत्तरसूचीच चुकली होती. बरोबर उत्तर 'ब' होतं, सूचीत छापलं होतं 'क'. आणि चाळीसेक पेपरांत प्रत्येकानं 'क'वरच खूण केलेली! एकालाही बरोबर उत्तर येत नव्हतं असं नाही. पेपर वाटल्यावर कुणीतरी पुढून उत्तरं सांगत होतं. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तो मीच होतो. महिनाअखेरीला प्रशिक्षणाचा आकडा शंभर टक्के दाखवायचा असतो, नापास झालेल्याला पुन्हा बसवायचं तर त्याला लाईनवरून सोडत नाहीत, मग 'चला, सगळे मिळून करू' होतं.

तेव्हा आधी मागच्या वर्षभराचे पेपर काढा. सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले असतील तर त्या पेपरातून तुम्हाला काहीही कळलेलं नाही.

त्यानंतर चेकलिस्टांचा गठ्ठा काढा. आमच्याकडे आठ महिन्यांच्या दोनशेच्या वर लाईन क्लिअरन्स चेकलिस्ट निघाल्या. प्रत्येक मुद्द्यावर बरोबरची खूण आणि शेऱ्याचा रकाना कोरा. आधीच्या बॅचचं काही सापडलं, काढलं, असं एकाही चेकलिस्टवर नाही. ब्लिस्टर लाईन ज्यानं एकदा तरी साफ केलीय त्याला विचारा, दोनशे वेळा तपासून एकदाही एक तुकडा सापडत नाही, हे होऊ शकतं का? आम्ही ते कोरे शेरे इतके दिवस चांगलं लक्षण समजत होतो.

दोन तास लाईनवर उभं राहणं

हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. बॅच बदलायच्या वेळी जाऊन नुसता उभा राहिलो. पहिल्या दिवशी सगळं पुस्तकाप्रमाणे झालं, कारण क्यूएचा माणूस उभा होता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माझी सवय झाली आणि खरं काम दिसायला लागलं.

लाईनवर एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. बेल्टखालच्या स्टीलच्या प्लेटला त्यांनी हातही लावला नाही. कार्टन दोन्ही वेळा तिथंच सापडलं होतं. बेल्ट आणि बाजूची पट्टी यांच्यामध्ये बोटभर फट आहे. त्यातून कार्टन घसरलं की थेट त्या प्लेटवर जाऊन बसतं आणि वरून काही दिसत नाही.

"मामा, ही प्लेट उघडत नाही का?"

"उघडते की. पण एलन-की (षटकोनी पाना) लागते साहेब. ती मेंटेनन्सकडे. त्यांना बोलवायचं म्हणजे स्लिप भरा, मग ते चहा पिऊन येणार."

"मग चौकशीत हे सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी? मला विचारलं, एसओपी माहीत आहे का? माहीत आहे म्हणालो. ती तर पाठ आहे."

एसओपीत वाक्य होतं: 'मशीनच्या खालील भागात आधीच्या बॅचचे कोणतेही साहित्य नसल्याची खात्री करावी.' खात्री कशी करायची, प्लेट कुणी उघडायची, कशानं उघडायची, यावर एक अक्षर नाही. आम्ही मामांना तीन वेळा ते वाक्य वाचून दाखवलं होतं.

बाकीच्या गोष्टी भराभर सापडत गेल्या. प्लॅनिंगनं लाईन क्लिअरन्सला वीस मिनिटं धरली होती. प्लेट उघडून, चॅनल काढून, नीट करायला मी घड्याळ लावून पाहिलं तर बेचाळीस मिनिटं लागली. उरलेली बावीस कुठून आणायची हे ऑपरेटरनं स्वतःच ठरवलं होतं, आणि ते तुम्हीही तसंच ठरवलं असतं. वरच्या दिव्याचा उजेड मशीनच्या पाठीमागे पोचत नाही, आणि टॉर्च लाईनवर ठेवायचा नाही, कारण तो साहित्याच्या यादीत नाही. आयपीक्यूएचा, म्हणजे काम चालू असतानाच तपासणी करणारा क्यूएचा मुलगा एकटा चार लाईन बघतो. तो येतो, ऑपरेटर जिथं पाहतो तिथंच पाहतो आणि सही करतो. दोन सह्या झाल्या, पण नजर एकच.

दुखणं नेमकं कोणतं

इथं थांबून एक प्रश्न सोडवावा लागतो: माणसाला माहीत नाही, की माहीत आहे पण हाताला जमत नाही, की जमतं पण करता येत नाही? पहिल्या दोन दुखण्यांवर प्रशिक्षण हे औषध आहे. तिसऱ्यावर नाही. मामांना माहीत होतं, जमतही होतं. एलन-की नव्हती आणि वेळ नव्हता.

ओळखायची सोपी खूण म्हणजे 'सांगा' म्हणू नका, 'दाखवा' म्हणा. "लाईन क्लिअरन्स म्हणजे काय?" असं विचारलं की सगळे घडाघडा बोलतात. "दाखवा बरं" म्हटलं की आमच्या एका नव्या मुलानं कॉम्प्रेस्ड एअरची नळी उचलली आणि फीडिंग चॅनलमध्ये हवा मारली. हवेनं तुकडे बाहेर येत नाहीत, आणखी आत जाऊन बसतात, आणि भुकटी शेजारच्या लाईनपर्यंत उडते. तिथं व्हॅक्यूमच लागतो. त्याला हे खरंच माहीत नव्हतं, म्हणजे त्याचं प्रशिक्षण आवश्यक होतं. पण चारही डेव्हिएशनमध्ये त्याचं नावच नव्हतं.

चौथाही एक प्रकार आहे आणि तो जास्त छळतो: चुकीचं शिकवलेलं. एसओपीच्या वर्गात शिकवलेलं नव्हे, लाईनवर जुन्यानं नव्याला शिकवलेलं. 'हा सेन्सर असाच वाजतो, रीसेट मार', 'ही रीडिंग नेहमीच जरा जास्त दाखवते'. १९७१ साली इंग्लंडमध्ये सलाइनसारख्या शिरेतून द्यायच्या डेक्स्ट्रोजच्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात) खालच्या भागात हवा अडकून राहिल्यामुळे निर्जंतुक झाल्याच नाहीत. रेकॉर्डरवर तापमान चढलेलं दिसत नव्हतं. पण रेकॉर्डरच बिघडलाय असं धरून लोड पुढे गेला. पुढच्या वर्षी प्लिमथच्या डेव्हनपोर्ट रुग्णालयात त्या बाटल्यांनी रुग्ण दगावले. क्लोदिअर समितीचा चौकशी अहवाल निर्जंतुकीकरणाच्या वर्गात अजूनही सांगितला जातो. मी तो पॅकिंगच्या लोकांनाही सांगतो आणि मग विचारतो, आपल्या लाईनवर कोणत्या मीटरवर तुमचा विश्वास नाही? पहिल्याच वेळी तीन नावं मिळाली. तिन्ही कॅलिब्रेशनला पाठवली. एक खरोखर चुकीचं निघालं.

आधी मशीन, मग माणूस

क्रम महत्त्वाचा आहे. इंजिनीअरिंगकडून चेंज कंट्रोल (बदलाची रीतसर लेखी मंजुरी) घालून त्या प्लेटचे बोल्ट काढून हातानं फिरणाऱ्या मुठी बसवल्या. बेल्टच्या कडेची फट पट्टी लावून बुजवली. टॉर्च आणि दांडीचा छोटा आरसा साहित्याच्या यादीत घातला आणि लाईनजवळ टांगायला ठरलेली जागा दिली. आरसा काचेचा नको, पॉलिश केलेल्या स्टीलचा घ्या. उघड्या गोळ्यांच्या जवळ काच फुटली तर नवं डेव्हिएशन अंगावर येईल. प्लॅनिंगनं वीसची पंचेचाळीस मिनिटं करावीत यासाठी मात्र दोन मीटिंगा भांडावं लागलं. मी बेचाळीस मिनिटांची नोंद आणि एका बॅचच्या रीवर्कचा खर्च शेजारी शेजारी ठेवला. तेवढ्यानं काम झालं.

एसओपीतलं ते वाक्यही बदललं. आता तिथं लिहिलंय: प्लेट क्रमांक १ काढावी, टॉर्चने पाहावे, प्लेट परत लावण्यापूर्वी आयपीक्यूएला दाखवावी.

यानंतर प्रशिक्षण. हॉलमध्ये नाही, प्रोजेक्टरही नाही. मशीनशी, एका वेळी चारच माणसं, पंधरा मिनिटं. आम्ही लाईनवरच्या लपायच्या अकरा जागांचे फोटो काढले: हॉपरचा तळ, ब्रश बॉक्सचे कोपरे, चॅनल, गाईड ट्रॅक, पंचिंग डायच्या खाली, कोडरचा ट्रे, बेल्टखालची प्लेट, रिजेक्शनचा डबा वगैरे. फोटो मराठी आणि हिंदी नावांसह लाईनवर लावले. इथं एक खड्डा आहे. नुसते प्रिंट काढून चिकटवले तर पुढच्या ऑडिटमध्ये 'अनकंट्रोल्ड डॉक्युमेंट' म्हणून तेच फोटो तुमच्या अंगावर येतील. त्यांना एसओपीच्या जोडपत्राचा नंबर, आवृत्ती आणि सही हवी. मराठी भाषांतराचंही तसंच. इंग्रजी एसओपी बदलली आणि मराठी जुनीच राहिली, तर माणूस प्रामाणिकपणे जुन्या पद्धतीनं काम करत राहतो. दोन्ही एकाच चेंज कंट्रोलखाली बांधा.

शिकवायचं काम मामांना दिलं. ते आधी लाजले, मग असे रंगले की पंधराची पंचवीस मिनिटं होऊ लागली. मी हॉलमध्ये जे तासभर बोलायचो त्यापेक्षा त्यांच्या एका वाक्याचा परिणाम जास्त व्हायचा: "इथं हात घाल. काय लागलं?"

चकत्या लपवायचा खेळ

पेपराच्या जागी आम्ही हे आणलं. गोळीएवढ्या लाल प्लॅस्टिकच्या सहा चकत्या, प्रत्येकीवर नंबर. क्यूए त्या लाईनवर लपवतं, ऑपरेटर आणि आयपीक्यूए वेगवेगळे शोधतात. पहिल्या खेपेला ऑपरेटरला दोन सापडल्या, आयपीक्यूएला तीन. कुणी हसलं नाही. तिसऱ्या आठवड्यात पाच यायला लागल्या.

हे करणार असाल तर पथ्यं कडक पाळा. खरी गोळी, प्लेसिबो (औषध नसलेली गोळी) किंवा खरं कार्टन कधीही लपवू नका. चकत्या मोजून बाहेर काढायच्या, मोजून परत घ्यायच्या, वहीत दोघांच्या सह्या. लाईनवर कोणतंही उत्पादन नसताना करायचं, आणि खेळ संपल्यावर नियमाप्रमाणे पूर्ण सफाई आणि लाईन क्लिअरन्स पुन्हा. सहावी चकती सापडली नाही म्हणून 'राहू दे, उद्या मिळेल' म्हणालात, तर डेव्हिएशन तुम्हीच लिहायचं.

आमच्या खेळात सहावी चकती बरेच दिवस शोधणाऱ्यांपैकी कुणालाच सापडत नव्हती, शेवटी ती क्यूएलाच काढून घ्यावी लागे. आमच्या क्यूएमधली मुलगी ती व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडाशी ठेवायची. आधी सगळे चिडले, "तो काय लाईनचा भाग आहे का?" चर्चा झाली आणि लक्षात आलं, तोच व्हॅक्यूम आम्ही दोन लाईनवर फिरवतो आणि त्याची पिशवी कधी बदलायची हे कुठंच लिहिलेलं नाही. आता व्हॅक्यूम लाईननिहाय आहे आणि चेकलिस्टमध्ये त्याला स्वतःचा मुद्दा आहे.

का, हे सांगितल्याशिवाय

आमच्या पॅकिंगमधल्या बायका-मुलींपैकी बऱ्याच ठेकेदाराकडून येतात. दर काही महिन्यांनी चेहरे बदलतात. पहिल्या दिवशी दोन तासांत सत्तर स्लाईड दाखवून मी त्यांना 'प्रशिक्षित' करत असे. आता पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो: रक्तदाबाच्या गोळीच्या कार्टनमध्ये साखर कमी करणाऱ्या गोळीची एक स्ट्रिप गेली तर काय होईल. साखरेचा त्रास नसलेली म्हातारी बाई ती सकाळी उपाशीपोटी घेईल, दरदरून घाम सुटेल, कदाचित बेशुद्ध पडेल, आणि घरच्यांना वाटेल बीपी वाढलं. प्रत्येकीच्या घरात बीपीची गोळी घेणारं कुणीतरी असतंच. जेवणाच्या सुट्टीत एक ताई येऊन म्हणाल्या, "म्हणजे मी कार्टन खाली पडलं की उचलून परत ठेवते ते चुकीचं?" चुकीचंच. हा प्रश्न सत्तर स्लाईडनी कधी आणला नव्हता.

कच्च्या मालाच्या लोकांसाठी उदाहरण घरचंच आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीननं चौदा रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. ग्लिसरीनच्या ड्रममधला नमुना का घ्यायचा, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

फाईलवर काय लिहायचं

फाईलवर 'ह्यूमन एरर, पुन्हा प्रशिक्षण' लिहिलं नाही तर ऑडिटर काय म्हणेल, ही शंका येतेच. उलट आहे. युरोपीय जीएमपीच्या (औषधनिर्मितीच्या चांगल्या पद्धतींच्या नियमांच्या) पहिल्याच प्रकरणात म्हटलंय की मानवी चूक हे कारण द्यायचं असेल तर ते सिद्ध करा, आणि प्रक्रियेतले, कार्यपद्धतीतले किंवा व्यवस्थेतले दोष नजरेतून सुटले नाहीत याची काळजी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं प्रशिक्षणाची प्रत्यक्षातली परिणामकारकता वेळोवेळी तपासायला सांगतात. आपलं शेड्यूल एमही (औषध कारखान्यांसाठीचे भारतातले जीएमपी नियम) २८ डिसेंबर २०२३च्या अधिसूचनेनं त्याच वळणावर आलंय. २५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या ज्या कारखान्यांनी मुदतवाढीचा अर्ज केला, त्यांची मुदतही ३१ डिसेंबर २०२५ला संपली. नुसतं हजेरीपत्रक दाखवून आता भागणार नाही.

आम्ही फॉर्ममध्ये एक साधा बदल केला. 'पुन्हा प्रशिक्षण' लिहायचं असेल तर खालचे दोन रकाने भरायचे: या माणसाला आधी किती वेळा हेच प्रशिक्षण दिलं, आणि त्याला काम प्रत्यक्ष करून दाखवायला लावल्यावर काय चुकलं. दुसरा रकाना कोरा असेल तर मॅडम फाईल परत पाठवतात. सुरुवातीला चार-पाच परत आल्या. मग लोक आपणहून लाईनवर जाऊन बघायला लागले.

नोंदी उशिरा करण्याचं दुखणंही याच फॉर्मनं सुटलं. वही दुसऱ्या खोलीत, हातात ग्लोव्ह, दोन खोल्यांतली घड्याळं चार मिनिटांनी वेगळी. माणूस आकडे चिठ्ठीवर लिहिणारच. वही मशीनशी आणली, घड्याळं जुळवली. चिठ्ठ्या थांबल्या.

परिणाम मोजताना एक गोष्ट मॅनेजमेंटला आधीच सांगून ठेवा, नाहीतर गोंधळ होतो. नव्या पद्धतीच्या पहिल्या महिन्यात आमच्या चेकलिस्टांवर नऊ वेळा 'आढळले, काढले' असा शेरा आला. प्लांट हेडनी बोलावून विचारलं, "ट्रेनिंगनंतर चुका वाढल्या?" मी त्यांच्यासमोर आधीच्या आठ महिन्यांचा तो कोरा गठ्ठा ठेवला. पुढच्या महिन्यात सहा आले, मग तीन. बॅच सुरू झाल्यानंतर सापडण्याचा प्रकार मात्र पुन्हा झालेला नाही.

रात्रपाळी अजून सुटलेली नाही. तिथं चार लाईनना आयपीक्यूएचा एकच माणूस आहे, त्यामुळे प्लेट उघडून ऑपरेटर त्याची वाट बघत बसतो किंवा बसत नाही. दुसऱ्या माणसाची मागणी एचआरकडे पडून आहे. तोवर प्लॅनिंगशी ठरवलंय की रात्री अकरानंतर एकाच वेळी दोन लाईनवर बॅच बदलायची नाही.